दाबोळी विमानतळाचा इतिहास

दाबोळी विमानतळ हा गोवा राज्याच्या मुरगाव तालुक्यातील विमानतळ असून तो भारतीय नौदलाच्या 'आयएनएस हंसा' या हवाई तळाचा भाग आहे. १९५५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तो नागरी विमानतळ म्हणून सुरू केला. डिसेंबर १९६१ मधील भारतीय लष्करी कारवाईत पोर्तुगीजांनी तो सोडल्यानंतर १९६२ मध्ये त्याचा ताबा नौदलाकडे गेला. पुढे त्याच धावपट्टीवरून नागरी विमानवाहतूकही सुरू झाली, मात्र ती नौदलाच्या तळावरील एक नागरी विभाग या स्वरूपात. नागरी उपयोगासाठी बांधलेला विमानतळ लष्करी कसा झाला आणि त्याच्या वापरावर कोणाचा किती हक्क असावा, हा प्रश्न गोव्याच्या सार्वजनिक जीवनात अनेक दशके चर्चेत राहिला आहे. मोपा येथील दुसऱ्या विमानतळाच्या उभारणीमागेही हाच प्रश्न होता.

स्थान

दाबोळी हे गाव वास्को द गामा शहरापासून सुमारे चार किलोमीटर अंतरावर आहे. चिखली आणि बोगमाळो ही गावे त्याच्या शेजारी आहेत. विमानतळ समुद्रालगतच्या जांभ्या खडकाच्या पठारावर, कोकणात ज्याला 'सडा' म्हणतात तशा सपाट माथ्यावर वसलेला आहे. डोंगर, खाड्या आणि भातशेतीची खाजणे यांनी व्यापलेल्या गोव्याच्या किनारपट्टीत लांब धावपट्टीस पुरेल एवढी सपाट व निचऱ्याची जागा सहज मिळत नाही. दाबोळीच्या सड्यावर ती मिळाली, शिवाय मुरगाव बंदर अगदी जवळ होते. ज्या भौगोलिक सोयींमुळे पोर्तुगीजांनी ही जागा निवडली, त्याच सोयी पुढे नौदलालाही उपयोगी पडल्या.

पार्श्वभूमी : गोव्याची कोंडी

भारत स्वतंत्र झाल्यानंतरही गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात राहिले. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली या चारही बाजूंनी भारतीय भूमीने वेढलेल्या प्रदेशांतून पोर्तुगीज सत्ता उखडली गेली. पोर्तुगालला तेथे कुमक पाठवायची तर भारतीय हद्दीतून जावे लागणार होते आणि भारताने तशी वाट देण्यास नकार दिला. पोर्तुगालने हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. भारताच्या भूमीवर अवलंबून राहून उरलेले प्रदेश टिकवता येणार नाहीत, हा धडा मात्र पोर्तुगालने निकालाची वाट न पाहताच घेतला.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. यानंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी अधिक कडक केली आणि रेल्वे व रस्त्याने होणारी वाहतूक बंद पडली. मुंबईतील धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोमंतकीयांच्या दृष्टीने गाव आणि मुंबई यांच्यातील नित्याची ये-जा दुष्कर झाली. जीवनावश्यक वस्तू पाकिस्तान, श्रीलंका आणि थेट युरोपातून आणण्याची वेळ गोव्याच्या प्रशासनावर आली. अशा स्थितीत समुद्रमार्ग आणि हवाईमार्ग हेच बाहेरच्या जगाशी संपर्काचे दोन मार्ग उरले. दाबोळीचा विमानतळ या गरजेतून निर्माण झाला.

पोर्तुगीज काळ (१९५५–१९६१)

विमानतळाची उभारणी पोर्तुगीज भारताच्या सरकारने १९५० च्या दशकात सुमारे २४९ एकर जागेवर केली. तत्कालीन गव्हर्नर जनरल पावलो बेनार्द गेदिश यांच्या नावावरून त्यास पुढे 'जनरल बेनार्द गेदिश विमानतळ' असे अधिकृत नाव देण्यात आले, परंतु लोकव्यवहारात दाबोळी हेच नाव रूढ राहिले. याच सुमारास दमण आणि दीव येथेही धावपट्ट्या बांधण्यात आल्या. भारतीय भूमीने आणि समुद्राने एकमेकांपासून तुटलेले हे तीन प्रदेश अशा रीतीने हवाईमार्गाने जोडले गेले.

या मार्गांवर विमाने चालवण्यासाठी 'ट्रान्स्पोर्तेस आएरिओस दा इंडिया पोर्तुगेझा', संक्षेपाने टीएआयपी, ही सरकारी विमानसंस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे दाबोळी येथे होते. दमण आणि दीव येथील फेऱ्यांबरोबरच कराची, मोझांबिक आणि लिस्बन येथपर्यंत तिची उड्डाणे होत. यांपैकी कराचीचे महत्त्व सर्वाधिक होते. भारताचे आकाश पोर्तुगीज विमानांना मोकळे नसल्याने पश्चिमेकडे जाणारी विमाने अरबी समुद्रावरून कराचीला जात आणि तेथून पुढचा प्रवास करीत. प्रवासी, टपाल, औषधे व सरकारी कागदपत्रे या मार्गाने ये-जा करीत असत.

या काळात गोव्यात पोर्तुगालची लढाऊ विमाने नव्हती. दाबोळीचा विमानतळ औपचारिकदृष्ट्या पूर्णपणे नागरी होता. तथापि युद्धप्रसंगी कुमक उतरवता येईल अशी गोव्यातील एकमेव मोठी धावपट्टी तीच असल्याने तिचे लष्करी मोल दोन्ही बाजू ओळखून होत्या.

१९६१ ची लष्करी कारवाई

गोवा मुक्त करण्यासाठी भारताने हाती घेतलेली 'ऑपरेशन विजय' ही मोहीम १७ आणि १८ डिसेंबर १९६१ च्या दरम्यानच्या रात्री सुरू झाली. भूदलाच्या कारवाईचे नेतृत्व मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्याकडे, तर हवाई कारवाईचे नेतृत्व एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे होते. पुण्याचा लोहगाव तळ आणि बेळगावजवळील सांबरा तळ येथून भारतीय हवाई दलाची विमाने या मोहिमेत उडाली.

१८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर पहिला हल्ला केला. त्यात सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकण्यात आले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ कॅनबेरा विमानांचा दुसरा हल्ला झाला. हल्ल्याचे लक्ष्य काटेकोरपणे मर्यादित ठेवण्यात आले होते. धावपट्टी निकामी करायची होती, पण विमानतळाच्या इमारती शक्यतो शाबूत ठेवायच्या होत्या, कारण हा विमानतळ लवकरच भारताच्या वापरात येणार हे गृहीत होते. याच दिवशी हंटर विमानांनी बांबोळी येथील बिनतारी संदेश केंद्रावर हल्ला करून गोव्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तोडला.

हल्ल्याच्या वेळी दाबोळीवर दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय विमान कंपनीचे सुपर कॉन्स्टलेशन आणि दुसरे टीएआयपीचे चार इंजिनांचे डग्लस विमान. ती अखंड ताब्यात यावीत या हेतूने भारतीय वैमानिकांनी त्यांच्यावर मारा केला नाही. परंतु त्या दिवशी अंधार पडल्यावर पोर्तुगीजांनी धावपट्टीची जुजबी डागडुजी केली आणि उरलेल्या तोकड्या पट्ट्यावरून ही दोन्ही विमाने उडवली. ती समुद्रावरून अत्यंत कमी उंचीने उडत कराचीला पोहोचली. पोर्तुगीज अंमलाखालील दाबोळीवरून झालेली ही अखेरची उड्डाणे होत.

दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियु व्हासालु ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. गोव्यातील सुमारे साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीचा शेवट झाला आणि त्याबरोबर टीएआयपीचे गोव्यातील कामकाजही संपले. बॉम्बच्या खड्ड्यांनी उखडलेली धावपट्टी, शाबूत इमारती आणि विमानसंस्थाच उरली नाही असा विमानतळ, अशा अवस्थेत दाबोळी भारताच्या हाती आला.

नौदलाकडे हस्तांतरण (१९६२–१९६४)

मुक्तीनंतर गोव्यात लष्करी प्रशासन स्थापन झाले आणि मेजर जनरल कँडेथ यांनी जून १९६२ पर्यंत लष्करी राज्यपाल म्हणून काम पाहिले. त्यांच्या कारकिर्दीत, एप्रिल १९६२ मध्ये, दाबोळी विमानतळाचा ताबा नौदलाच्या हवाई शाखेकडे देण्यात आला. या वेळी गोव्यात लोकनियुक्त सरकार नव्हते. पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली आणि दयानंद बांदोडकर हे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजेच विमानतळाच्या भवितव्याचा निर्णय गोव्यातील जनतेचे प्रतिनिधी निवडले जाण्यापूर्वीच झालेला होता. पुढील वादांमध्ये या कालक्रमाचा उल्लेख वारंवार होत असे.

नौदलाची त्या वेळची गरज खरी होती. भारताची पहिली विमानवाहू नौका 'आयएनएस विक्रांत' मार्च १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोहोचली. तिच्यावरील सी हॉक ही जेट लढाऊ विमाने आणि अलिझे ही पाणबुडीविरोधी विमाने ठेवण्यासाठी, त्यांची देखभाल करण्यासाठी व वैमानिकांच्या सरावासाठी किनाऱ्यावर कायमचा तळ आवश्यक होता.

विमानवाहू नौकेवरील विमाने वर्षभर नौकेवरच राहतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नौका बंदरात किंवा गोदीत असताना तिच्यावरून नेहमीची उड्डाणे होऊ शकत नाहीत. विमान उडण्यासाठी व उतरण्यासाठी नौका समुद्रात वेगाने, वाऱ्याच्या दिशेला सामोरी जात असावी लागते. म्हणून नौका बंदराकडे वळली की तिची विमाने उडून किनाऱ्यावरील तळावर येतात आणि वैमानिकांचा सराव तेथे सुरू राहतो. असा तळ समुद्राजवळ, नौकांच्या वावराच्या टप्प्यात आणि सरावासाठी मोकळे आकाश लाभलेला असणे इष्ट असते.

नौदलाने यासाठी ५ सप्टेंबर १९६१ रोजी तमिळनाडूतील कोइंबतूरजवळ सुलूर येथे 'आयएनएस हंसा' हा तळ कार्यान्वित केला होता. सुलूर हा दुसऱ्या महायुद्धकालीन विमानतळ होता, पण समुद्रापासून दूर अंतर्भागात होता. दाबोळी मात्र पश्चिम किनाऱ्यावर, मुरगाव बंदरालगत आणि नौदलाचे प्रमुख ठाणे असलेल्या मुंबईपासून थोड्या अंतरावर होता. धावपट्टीची दुरुस्ती झाल्यावर जून १९६४ मध्ये 'आयएनएस हंसा' सुलूरहून दाबोळीला हलवण्यात आला. तेव्हापासून दाबोळी हे नौदलाच्या विमानदलाचे प्रमुख केंद्र आहे.

हवाई तळाची वाढ

आरंभी सी हॉक विमानांचे ३०० क्रमांकाचे पथक आणि अलिझे विमानांचे ३१० क्रमांकाचे पथक यांचे किनाऱ्यावरील ठाणे दाबोळी येथे होते. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात तैनात होती आणि याच पथकांनी कॉक्स बझार व चितगाव येथील लक्ष्यांवर हल्ले केले.

१९७० च्या दशकात तळाच्या कामाची व्याप्ती वाढली. नौकेवरील विमानांबरोबर सागरी टेहळणीची दूर पल्ल्याची विमानेही येथे आली. हवाई दलाकडील सुपर कॉन्स्टलेशन विमाने १९७६ मध्ये नौदलाकडे आली व त्यांचे ३१२ क्रमांकाचे पथक दाबोळी येथे उभे राहिले. ज्या प्रकारचे पोर्तुगीज विमान १९६१ मध्ये येथून निसटले होते, त्याच प्रकारची विमाने पंधरा वर्षांनी भारतीय चिन्ह धारण करून या धावपट्टीवर उतरू लागली. १ ऑक्टोबर १९७७ रोजी सोव्हिएत बनावटीच्या इल्यूशिन-३८ विमानांचे ३१५ क्रमांकाचे पथक स्थापन झाले. ही विमाने २०२३ पर्यंत सेवेत होती. १९८८ मध्ये तुपोलेव-१४२ ही अवाढव्य टेहळणी विमाने येथे आली व पुढे ती तमिळनाडूतील अरक्कोणम येथील तळावर हलवण्यात आली.

१६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली तीन सी हॅरिअर विमाने दाबोळी येथे दाखल झाली. अत्यंत आखूड अंतरात उड्डाण करणारी आणि उभी खाली उतरू शकणारी ही विमाने मे २०१६ पर्यंत सेवेत होती. त्यांच्या जागी मिग-२९के विमाने आली व ११ मे २०१३ रोजी त्यांचे ३०३ क्रमांकाचे पथक 'हंसा' येथे कार्यान्वित झाले. सागरी टेहळणीच्या पी-८आय विमानांचे ३१६ क्रमांकाचे पथकही २९ मार्च २०२२ रोजी येथेच स्थापन झाले.

तळाच्या आवारात नौकेच्या डेकची प्रतिकृती म्हणता येईल अशी किनारी चाचणी सुविधा आहे. टोकाशी वर उचललेला उड्डाणमार्ग आणि उतरणाऱ्या विमानाला अडवून थांबवणाऱ्या पोलादी तारा हे तिचे मुख्य घटक होत. प्रत्यक्ष नौकेवर जाण्यापूर्वी वैमानिक येथे सराव करतात. स्वदेशी तेजस विमानाच्या नौदल आवृत्तीने १३ सप्टेंबर २०१९ रोजी येथे तारांच्या साहाय्याने पहिले अवतरण केले आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ११ जानेवारी २०२० रोजी, ते विमान 'आयएनएस विक्रमादित्य' या नौकेवर उतरले.

तळाच्या इतिहासात अपघातही घडले आहेत. १ ऑक्टोबर २००२ रोजी, ३१५ क्रमांकाच्या पथकाच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमाच्या वेळी दोन इल्यूशिन-३८ विमानांची हवेत टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील एकूण १२ जण मृत्युमुखी पडले.

नागरी विमानवाहतूक

१९६० च्या दशकाच्या मध्यानंतर इंडियन एअरलाइन्सने दाबोळीस नियमित उड्डाणे सुरू केली. सुरुवातीची बरीच वर्षे प्रवासीसंख्या मर्यादित होती आणि मुंबईहून गोव्यास जाणारे बहुसंख्य लोक आगबोट, एस.टी. किंवा रेल्वेनेच प्रवास करीत.

नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेचा एक भाग गोव्यात झाला. या निमित्ताने राज्यातील रस्ते, हॉटेले व विमानतळ यांच्या सुविधांत सुधारणा झाली आणि गोवा आंतरराष्ट्रीय पर्यटनाच्या नकाशावर ठळकपणे आला. त्याच दशकात युरोपातून पर्यटकांना थेट आणणारी भाडेतत्त्वावरील विमाने दाबोळीवर उतरू लागली. हिवाळ्यातील हे पर्यटन गोव्याच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार बनले. पुढे देशांतर्गत खासगी विमान कंपन्यांच्या उदयाबरोबर भारतीय पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढली. देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी एकत्रित अशी नवी इमारत डिसेंबर २०१३ मध्ये वापरात आली. कोविड साथीपूर्वीच्या वर्षांत दाबोळीची वार्षिक प्रवासीसंख्या ८० लाखांच्या पुढे गेली होती. देशातील गर्दीच्या विमानतळांत त्याची गणना होई.

सामायिक वापराची पद्धत

दाबोळीसारख्या विमानतळास 'नागरी विभाग असलेला लष्करी तळ' म्हणता येईल. येथे धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाकडे आहे. प्रवासी इमारत आणि प्रवासी विमाने उभी करण्याची जागा भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. म्हणजे तिकीट काढलेला प्रवासी नागरी इमारतीतून विमानात चढतो, पण ते विमान ज्या पट्टीवरून उडते ती नौदलाची असते.

या रचनेचे परिणाम व्यवहारात दिसून येतात. आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवले जात. त्यामुळे नागरी विमानांची उड्डाणे दुपारनंतर व रात्री दाटीवाटीने होत आणि युरोपातील विमानांना सोयीची वेळ मिळणे अवघड जाई. विमाने उभी करण्याच्या जागा वाढवण्यासाठी किंवा समांतर मार्ग बांधण्यासाठी लागणारी जमीन नौदलाच्या ताब्यात असल्याने प्रत्येक विस्तारासाठी वाटाघाटी कराव्या लागत. दुसरीकडे, जवळच नागरी विमानांची व प्रवाशांची सतत वर्दळ असल्याने लष्करी सराव आणि सुरक्षितता यांवर मर्यादा येतात, अशी नौदलाची अडचण होती. दोन्ही प्रकारची वाहतूक वाढत गेली तरी मुख्य धावपट्टी एकच राहिली, हे या ताणाचे मूळ होते. २७ डिसेंबर २०१६ रोजी एक प्रवासी विमान उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरून घसरले व काही प्रवासी जखमी झाले. अशा प्रसंगी पर्यायी धावपट्टी नसल्याने संपूर्ण राज्याची हवाई वाहतूक काही काळ खोळंबते.

हक्काचा वाद आणि मोपा

नौदलाने दाबोळी सोडून अन्यत्र जावे आणि विमानतळ पूर्णपणे नागरी व्हावा, अशी मागणी गोव्यात वेळोवेळी झाली. हा विमानतळ मुळात नागरी होता, तो लष्करी प्रशासनाच्या काळात नौदलाकडे गेला आणि राज्याच्या पर्यटनाधारित अर्थव्यवस्थेला आता त्याची गरज आहे, असा या मागणीमागील युक्तिवाद होता. नौदलाच्या बाजूने असे मांडले जाई की दशकानुदशके उभ्या केलेल्या दुरुस्तीशाळा, प्रशिक्षण व चाचणी सुविधा दुसरीकडे हलवणे अतिशय खर्चिक आहे आणि पश्चिम किनाऱ्यावर तितकी योग्य जागा उपलब्ध नाही. कर्नाटकातील कारवार येथे नौदलाचा मोठा तळ उभा राहिल्यावर तेथे विमानतळ बांधून दाबोळी मोकळा करावा, असा पर्यायही चर्चेत आला.

अखेर नौदलाला हलवण्याऐवजी नागरी वाहतुकीसाठी वेगळा विमानतळ बांधण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यातील मोपा पठार त्यासाठी निवडले गेले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० मध्ये या प्रकल्पाला मान्यता दिली, तेव्हा मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याचे योजले होते. दक्षिण गोव्यातील हॉटेल व्यावसायिक, टॅक्सीचालक आणि विमानतळावर अवलंबून असलेले लहान व्यावसायिक यांचा या अटीला तीव्र विरोध झाला. त्यांच्या मते मोपा दक्षिण गोव्यापासून फार दूर आणि महाराष्ट्राच्या सीमेला लागून असल्याने राज्याच्या दक्षिण भागाचे नुकसान होणार होते. पुढे ही अट वगळण्यात आली आणि दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचे धोरण ठरले.

मोपाचा कोनशिला समारंभ १३ नोव्हेंबर २०१६ रोजी झाला. पठारावरील वृक्षतोड व पाण्याचे स्रोत या मुद्द्यांवरून प्रकल्पास न्यायालयात आव्हान देण्यात आले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये अटींसह काम सुरू करण्यास अनुमती दिली. विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. त्यास माजी मुख्यमंत्री व माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या स्मरणार्थ 'मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ' असे नाव देण्यात आले. त्यानंतर काही विमान कंपन्यांनी आपली उड्डाणे दाबोळीहून मोपाला हलवली. त्यामुळे दाबोळीची नागरी वाहतूक टिकून राहील का, हा प्रश्न दक्षिण गोव्यात नव्याने विचारला जाऊ लागला.

तत्सम उदाहरणे

पोर्तुगीजांनी बांधलेल्या तीन विमानतळांची पुढील वाटचाल वेगवेगळी झाली. दाबोळी नौदलाकडे गेला, दमणच्या धावपट्टीवर १९८७ मध्ये तटरक्षक दलाचा हवाई तळ उभा राहिला, तर दीवचा विमानतळ नागरी वापरात राहिला.

मुंबईतील सांताक्रूझ विमानतळाचा प्रवास दाबोळीच्या उलट दिशेने झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेला हा तळ युद्धानंतर नागरी वाहतुकीस मिळाला व जुहूच्या जुन्या विमानतळाची जागा त्याने घेतली. पुण्याचा लोहगाव हा विमानतळ हवाई दलाचा तळ असून तेथेही दाबोळीप्रमाणे नागरी विभाग आहे.

ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळील नेवाळी येथील उदाहरण याहून निराळे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने तेथे धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या. युद्ध संपल्यावर धावपट्टी ओस पडली आणि आसपासच्या गावांतील शेतकरी त्या जमिनी कसत राहिले. ही जमीन संरक्षण खात्याची आहे या भूमिकेतून नौदलाने तेथे संरक्षक भिंत बांधण्यास प्रारंभ केल्यावर २२ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. त्यात आंदोलक व पोलीस दोघेही जखमी झाले. दाबोळीत वाद होता तो चालू धावपट्टीच्या वापराचा, तर नेवाळीत तो बंद पडलेल्या धावपट्टीखालील जमिनीच्या मालकीचा. मात्र युद्धकाळात किंवा लष्करी प्रशासनात तातडीने घेतलेला निर्णय शांततेच्या काळातही कायम राहावा का, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी समान आहे.

संग्रहालय

दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदल विमानविद्या संग्रहालय असून ते ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले. सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर इत्यादी निवृत्त विमाने तेथे उघड्या आवारात मांडली आहेत. त्यांत एक सुपर कॉन्स्टलेशनही आहे. हे विमान मूळचे एअर इंडियाचे असून प्रवासी वाहतुकीतून ते हवाई दलात आणि तेथून नौदलात आले. नागरी सेवेतून लष्करी सेवेत असा जो प्रवास दाबोळी विमानतळाने केला, तोच या विमानाच्या वाट्यालाही आला होता.